मामीची पळणारी गाडी

गाडीतलं कळणारी माणसं बुलढाणा जिल्ह्यात पुष्कळ असतील. पण घरी गाडीच नसताना तिच्या टायरांची काळजी दहा वर्षं वाहणारी बाई एकच, आमची सोनाळ्याची मामी. शेतात ट्रॅक्टर चालवून तिचा हात बसलेला. पण साधी गाडी तिला नको होती. "मले पयणारी पायजे," म्हणायची. कारण माहेर धाड या गावी, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. वडील गेले तेव्हा तीन एसट्या बदलून ती पोचली, तोवर लोक स्मशानातून परतले होते. आता तिथं आई एकटी होती.

बीटी कपाशीची पहिली वर्षं बरी गेली. गावात मोटारसायकली आल्या आणि मामीच्या गाडीचा रंगही ठरला. मग गुलाबी बोंडअळी आली. मामी किडकं बोंड फोडून बघायची, "या साली नाही," म्हणायची, आणि चौकशी चालूच ठेवायची. अकोल्याच्या शोरूममध्ये मी सोबत होतो. विक्रेता ॲव्हरेज सांगू लागला, तशी म्हणाली, "थे राहू द्या. घाटात पुढं ट्रक असला तं निघते काय, थे सांगा." शेगावच्या टायरवाल्या चाचांकडे तर ती पिशवीत शेतातली काळी माती घेऊन गेली. तिथंच पाणी घालून मळली, टायरच्या खाचांत भरली आणि चाचांना चाक फिरवायला लावलं. चिखल सुटतो का, हे तिला बघायचं होतं. चाचा हताश होऊन म्हणाले, "बाई, पावसाळ्यात पकडणारं टायर उन्हाळ्यात लवकर झिजते. एक मौसम धरा ना."

"कसा धरू? मायचं बोलावणं का मौसम पाहून येते?"

चाचांनी चहा मागवला. पुढं कधीही गेलो की चाचा स्वतःच नवं टायर काढून म्हणायचे, "याले माती लावून पाहा."

शेवटी कपाशी मोडून लावलेली संत्री फळाला आली, तेव्हा जुनीच पण दमदार इंजिनाची गाडी दारात उभी राहिली. चाचांनी तिला बाराही महिने चालतील असे चार टायर बसवले. ऐन श्रावणात मामीनं ती धाडकडे काढली. मी शेजारी जीव मुठीत धरून. घाटात एकामागून एक ट्रक मागं पडले, ओल्या वळणावर गाडी तसूभर सरकली नाही. मामी मोठ्यानं हसली आणि पदरानं डोळे पुसले.

साडेदहाला आम्ही पोचलोसुद्धा. तिची आई ओट्यावर मेथी निवडत होती. लेकीला बघून म्हातारी हरखली.

"आता पाय, संध्याकाळी परत सोनाळ्यात!" मामी अभिमानानं म्हणाली.

म्हातारीचा हात थांबला. "एसटीनं यायचीस तवा दोन रात्री तरी राहायचीस, बाई."

मामीनं मामाला फोन लावला.

"काऊन, गाडी बिघडली काय?" मामाचा आवाज मलाही ऐकू आला.

"गाडी चांगली हाय. मी परवा येईन."

फोन ठेवून तिनं मेथीची एक जुडी आपल्याकडं ओढली. आई अगदी हळू निवडत होती. मामीही तितक्याच हळू निवडत बसली.