मागं जास्त जागा आहे

सिडको बस स्टँडवर दुपारी मुंबईची गाडी लागली, तशी बाबांनी माझी बॅग उचलली आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर नेऊन ठेवली. "पुढं बस. मागं लई धक्के बसतात." एवढंच बोलले. आईनं मला तिसऱ्यांदा पासपोर्ट काढून दाखवायला लावला. आमच्या पथनाट्याच्या ग्रुपचा डफवाला सलीमभाई खिडकीवर बोटं वाजवत म्हणाला, "क्या मॅडम, इंग्लिश बेचने चले? अब परचे कौन बाँटेगा?"

सगळे हसले. मीही हसले. टोमणा मात्र बरोबर बसला. महिन्यापूर्वीच आम्ही क्रांती चौकात इंग्रजीचं दुकान मांडणाऱ्या शाळांवर नाटक केलं होतं. पत्रक मी लिहिलेलं. 'शिक्षण विकत मिळत नसतं, ते हक्कानं मिळतं.' आणि आता तीच मी व्हिएतनामला, एका खासगी सेंटरमध्ये, लहान मुलांना नाटक-नाचातून इंग्रजी शिकवायला निघाले होते. का निघाले, तेही सांगते. गावाकडच्या शाळेनं तीन वर्षं तासिका तत्त्वावर राबवून घेतलं. त्यावर पत्रक काढलं म्हणून चौथ्या वर्षी बोलावलंच नाही. भाषणं ठोकून घर चालत नाही, हे पत्रकात कुणी छापत नाही.

'पुढं बस' हे बाबांचं जुनंच. शाळेत पुढं बस, सभेत पुढं बस, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. आम्ही भावंडं त्यांची नक्कल करायचो. कारण आत्यानं सांगितलं, तेही मी कॉलेजात गेल्यावर. पाचोडला शाळेत असताना बाबांना शेवटी, दाराशी, चपलांजवळ बसवायचे. फळ्यावरचं दिसायचं नाही. बाबा स्वतः यावर कधी एक शब्द बोलले नाहीत.

म्हणूनच मला पथनाट्य आवडलं असावं. त्यात रिंगण असतं. लोक चारी बाजूंनी उभे, नट मध्ये, आणि सारखं फिरत राहायचं, म्हणजे कुणाच्याच वाट्याला नुसती पाठ येत नाही. तिथं पुढची रांग नसते.

इथं व्हिएतनामला आले तेव्हा मुलं तोंड उघडायची नाहीत. फळा, पुस्तक, चित्रांची कार्डं, सगळं करून झालं. मग एक दिवस त्यांना मागच्या अंगणात नेलं, प्लॅस्टिकची बादली उपडी केली आणि सलीमभाईचा ठेका धरला. रिंगण केलं. नियम एकच: ज्याची पाळी त्यानं मध्ये यायचं, "इट इज माय टर्न" म्हणायचं, आणि एक काम नाचून दाखवत बोलायचं. आय स्वीप. आय कॅरी वॉटर. बाकीच्यांनी तेच करत गोल फिरायचं. पंधरा दिवसांत पोरं अशी बोलायला लागली की शेजारचे लोक गॅलरीत येऊन बघायचे.

सगळ्यात बारकी लान. तिची आई सेंटरच्या स्वयंपाकघरात काम करते, त्या बदल्यात लान शिकते. सहा आठवडे ती नुसतीच गोल फिरली. मग एका दुपारी मध्ये आली, "इट इज माय टर्न" म्हणाली, आणि आई भांडी कशी घासते ते असं नाचून दाखवलं की स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईच हसायला लागली. त्या रविवारी मी बाबांना फोनवर अर्धा तास लानबद्दलच सांगत होते. "असं का," ते म्हणत राहिले. "लई हुशार दिसती की."

मग वार्षिक कार्यक्रम आला. मी आपलं रिंगणच बसवलं. हॉलमध्ये जाऊन बघायचं मला सुचलंच नाही. चौकात वाढलेल्या माणसाला रंगमंचाला एकच तोंड असतं हे ध्यानात राहत नाही. तालमीला अर्धी मुलं खुर्च्यांकडे पाठ करून नाचली आणि सेंटरच्या मालकीणबाईंनी मध्येच थांबवलं. त्या चुकीच्या नव्हत्या. पालक पोरांच्या पाठी बघायला येत नाहीत. पण मग त्यांनी तीन रांगा आखल्या. उंचीप्रमाणे, म्हणाल्या. लान सगळ्यात बुटकी, आणि तिचं नाव शेवटच्या रांगेत. तिचं वाक्य दुसऱ्या मुलीला. मी विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, पुढच्या मुलांचे पालक खुर्च्यांवर बसणार आहेत, फोटो काढणार आहेत. तिची आई तर स्वयंपाकघरात असेल.

माझा व्हिसा या बाईंच्या सहीवर चालतो. मी गप्प बसले. होय, मीच. जिनं कलेक्टर ऑफिससमोर घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या, ती. अन्याय समोर दिसला की माणूस बोलतोच, असं आम्ही पत्रकात लिहायचो. साफ खोटं. नोकरी असली की माणूस आधी नोकरी मोजतो.

लानला सांगायचं काम माझ्यावर आलं. ती विचारत होती, मी मागं का. मी म्हणाले, "द बॅक हॅज मोअर स्पेस." मागं जास्त जागा आहे, नाचायला. आणि सवयच वाईट, नवं वाक्य आलं की म्हणून घ्यायचं. तीनदा म्हणून घेतलं. तिसऱ्यांदा तिनं अगदी बरोबर म्हटलं. मी "गुड" म्हणाले.

कार्यक्रमात ती दोन उंच मुलांच्या मागं पूर्ण नाचली. एक पाऊल चुकली नाही. तिची आई ओल्या हातांनी हॉलच्या दारात येऊन टाचा उंचावत होती. तिला फक्त मधूनमधून वर जाणारे दोन हात दिसले असतील. संपल्यावर तिनं माझ्या हातात चार संत्री ठेवली आणि वाकून आभार मानले. ती संत्री मी खाल्ली नाहीत. टाकलीही नाहीत.

बाबांना व्हिडिओ पाठवला होता. रविवारी फोनवर पहिलाच प्रश्न. "ती बारकी कुठंय गं? मी दोनदा बघितलं."

"मागं आहे."

"मागं कुणी उभी केली?"

मालकीणबाईंचं नाव जिभेवर होतं. पण तोंडातून निघालं, "मी."

मला वाटलं, आता चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. पण ते म्हणाले, "आमचा मास्तर बी वाईट नव्हता, उज्जू. चांगलं शिकवायचा. त्याला बी कुणीतरी सांगितलेलं असंल."

उभ्या आयुष्यात पाचोडच्या शाळेबद्दल ते माझ्याशी एवढंच बोलले.

सोमवारी मी मालकीणबाईंकडे गेले आणि सांगितलं की पुढच्या कार्यक्रमाला माझ्या वर्गात रांगा नसतील. त्यांनी ऐकून घेतलं. करार जूनमध्ये संपतोय, त्याबद्दल नंतर बोलू, म्हणाल्या. बोलू देत. मग पोरांना अंगणात नेलं, बादली उपडी केली, रिंगण धरलं. सगळी आली. लान मात्र रिंगणाबाहेर, एका उंच मुलाच्या पाठीशी जाऊन उभी राहिली. गोलाला मागची बाजू नसते, ती पोरीनं स्वतः तयार केली होती. मी हात पुढं केला, आत ये म्हटलं. ती हसली, आणि एकही चूक न करता म्हणाली, "टीचर, द बॅक हॅज मोअर स्पेस."

आमच्या पडेगावात मागं राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं बॅग भरून निघून गेलेल्यांनो, घराची आठवण येते का असं विचारता, म्हणून हे लिहिलं. भाकरीची येते, आईची येते, सलीमभाईच्या टोमण्यांचीही येते. पण घर म्हणजे आता मला बाबांचा तो एक प्रश्न वाटतो. मागं कुणी उभी केली? तो विचारणारं माणूस जिथं आहे, ते घर. दिवाळीला ये म्हणतात. मी अजून तिकीट काढलेलं नाही. रोज दुपारी बादली वाजवते, लानची पाळी आली की ठेका थांबवते आणि तिच्यासाठी जागा मोकळी ठेवते. ती अजून बाहेरच उभी आहे.