मोहाच्या दिवसांत मार्कंड्याला

लेकीला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे हे कळलं तेव्हा ती चार वर्षांची होती; आता एकोणीसची आहे. एवढ्या वर्षांत मी तिच्या गोळ्यांच्या, पाण्याच्या, तपासण्यांच्या याद्या केल्या, काटेकोर पाळल्या, आणि तरीही दर दोन-चार महिन्यांनी तिची हाडं ठणकतच राहिली. तिच्या उशाशी बसता बसता माझी पूजा सुटली. देवाशी भांडले नाही, नुसतं बोलणं बंद झालं.

या आजारावर संशोधन करणाऱ्या डॉक्टरांना निधी हवा होता. मी जाहीर केलं, चंद्रपूरहून मार्कंड्याच्या महादेवापर्यंत चार दिवसांत पायी जाईन, कोणाच्याही मदतीशिवाय. ऊर्जानगरच्या आमच्या वीजकेंद्राच्या वसाहतीने देणग्या कबूल केल्या. अट एकच, जाहीर केलं तसंच पूर्ण चालायचं. लेक म्हणाली, "देवाशी बोलत नाई म्हणते, आन् चालली त्याच्याच दारी! दुसरं ठिकाण नाई भेटलं का तुले?" मी म्हटलं, अंतर सोयीचं आहे म्हणून. मुक्काम, पाण्याच्या जागा, निघायच्या वेळा सगळं कागदावर उतरवलं. नवरा मोटारसायकलने मागे येतो म्हणाला, त्यालाही घरीच बसवलं.

दोन दिवसांत मूल गाव गाठलं. उजवा गुडघा कुरकुरायला लागला होता. तिसऱ्या दिवशी ऊन चुकवायला मी पहाटेच निघाले, आणि तिथेच चुकले. वसाहतीत राहून मला एप्रिलचं ऊन तेवढं दिसलं. मोहाची फुलं याच दिवसांत पहाटे गळतात आणि ती खायला अस्वलं येतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. रस्ता जंगलात शिरला. गोडसर वास सुटला होता, आणि समोरच्या झाडाखालचा अंधार हलला. मी जागच्या जागी थिजले. कित्येक वर्षांत पहिल्यांदा तोंडातून "महादेवा" निघालं.

तेवढ्यात मागून डबे बडवल्याचा आवाज आला. टोपल्या घेतलेल्या पाच-सहा बाया गलका करत येत होत्या. झाडाखालचं ते काळं धूड झुडपांत गेलं.

"एकट्याच कुठी चालल्या बाई?" पुढची ओरडली. "अस्वलाले राम राम कराले?"

बाकीच्या खो खो हसल्या. मलाही हसू आलं. तिचं नाव जनाबाई. तिने मोहफुलांची पहिली ओंजळ झाडाच्या बुंध्याशी ठेवली, आपल्या देवाचं नाव घेतलं, मग मला शेजारी बसवून विचारलं, काऊन चालता, कोणासाठी? मी सांगितलं. ती थोडा वेळ फुलं वेचत राहिली. "माह्या लेकीले, सुगंधालेबी सिकल आहे," ती म्हणाली. "लेकीसाठी चालता, आन् सोबत नको म्हणता?"

फुलं वेचून झाल्यावर ती माझ्याबरोबर पुढच्या गावापर्यंत आली. तिथे तिची बहीण वाट पाहत उभी होती; जनाबाईने तिला आधीच फोन केला होता. बहिणीने मला मुक्कामी पोचवलं, दुसऱ्या दिवशी तिथल्या बायांनी पुढच्या गावच्या बायांच्या हवाली केलं. माझ्या कागदावर यातलं एकही नाव नव्हतं.

वैनगंगा ओलांडल्यावर गुडघ्याने दगाच दिला. सोबतच्या बाईने खांदा पुढे केला. मी मागे सरले. मदत घेतली तर चालणं मोडलं, देणग्या गेल्या. तिने कमरेवर हात ठेवले. "खांदा माहा आहे, पाय त तुमचेच हायेत ना? चाला!"

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मार्कंड्यापर्यंत तसाच राहू दिला. देवळात काय मागायचं हे वाटेत मनाशी जुळवलं होतं. पिंडीसमोर हात जोडले, तर आधी सुगंधाचं नाव निघालं, मग माझ्या लेकीचं, मग नुसतंच रडू. त्या बाया माझ्याकडे कोणी धाडल्या, हे मी विचारलं नाही.

घरी आल्यावर खांद्याची गोष्ट सगळ्यांना सांगून टाकली. वसाहतीतल्या एकानेही दिलेला शब्द मागे घेतला नाही.

आता सकाळी देवापुढे दिवा लावते. लेकीच्या कळा थांबलेल्या नाहीत. औषधांच्या वेळा मी आजही चुकवत नाही. जे माझ्या हातात नाही ते त्याच्यावर सोडते. आणि ती कण्हायला लागली की दार लावून एकटी बसत नाही. शेजारच्या वहिनींना हाक मारते. त्या येतात, लेकीचे पाय मांडीवर घेऊन चेपत बसतात, आणि मला म्हणतात, तुम्ही जरा पडा.