राकुलमावशीची हाक

कल्पना करा, तुम्ही ओल्या खडकावर उभे आहात. खाली होडी क्षणात तुमच्या गुडघ्यांशी येते, क्षणात दोन पुरुष खोल जाते. तिच्या टोकावरचा माणूस तुमच्याकडे टक लावून बघतोय. तुम्ही "ये!" म्हणालात की तो उडी मारणार. तुमचा अंदाज चुकला, तर तो होडी आणि खडकाच्या मध्ये सापडणार.

उत्तर अटलांटिकमधल्या फेरो द्वीपसमूहात, आमच्या बेटावर ही हाक राकुलमावशीने अडतीस वर्षं दिली. तीन थोराड लाटा, मग दोन श्वासांची निवांती. ती निवांती तिला आधीच कळायची. पहिली शिक्षिका, वीज आणणारा मिस्त्री, टेलिफोनवाले, सगळे तिच्या "ये!"वर बेटावर उतरले. एका घाबरलेल्या नवरीला तिने ओरडून सांगितलं होतं, "बूट काढ गं, लग्न मोज्यांतही लागतं!"

मार्च १९७४ मध्ये तिला "परत जा" म्हणावं लागलं. माझी आई, म्हणजे तिची धाकटी बहीण, जुळ्यांच्या वेळी अडली होती. होडीत डॉक्टर होते. मावशी तासभर लाटा मोजत राहिली, निवांती आलीच नाही. शेवटी होडी वळली, आणि ती वळताच समुद्र निवळला. दोनच श्वास.

मी जगलो. माझा भाऊ नाही.

आईने बोल लावला नाही. बाप्तिस्म्याला मला राकुलनेच धरावं, असा तिचा हट्ट होता.

१९८४ पासून हेलिकॉप्टर येतं. त्याच्या तळावरचे दिवे आता मी सांभाळतो. डॉक्टरांच्या त्या होडीचं सुकाणू धरणारा हानुस अजून दर रविवारी मावशीकडे कॉफीला येतो. परवा मीही होतो.

"हानुस, वळल्यावर मागे पाहिलं होतंस का रे?" मावशीने विचारलं.

"कॉफी पातळ झालीय आज."

"हे विचारलं की चोवीस वर्षं तुला पातळच लागते."

"तू जा म्हणालीस, मी गेलो. तुझ्या शब्दाबाहेर होडी कधी नेली का मी?"

"मावशी, पुरे," मी म्हणालो. "मी आहे ना."

तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. "आहेस रे राजा. तुझ्याकडे बघते तेव्हा दुसराही आठवतो." मग ती हानुसकडे वळली. या वेळी आवाज अगदी हळू होता.

"ती निवांती मला एकटीलाच दिसली, की तुलाही?"