सात मात्रांचं रान

नवऱ्याचं पुसदला ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे आणि मी शाळेत संगीत शिकवते. कॉलेजात आम्ही एकाच वर्गात होतो, त्यामुळे लग्नानंतरही अरे-तुरेच राहिलं. सासूबाईंना ते काही वर्षं खटकलं, मग त्यांनी नाद सोडला. नवऱ्याचा संगीताशी संबंध एवढाच, की वरातीत नाचायला त्याला कुणी ओढावं लागत नाही.

गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा पुण्याहून फोन आला. दोन मैत्रिणींबरोबर ती मोबाईलवरचा गेम तयार करत होती. त्यात एक ससा सागाच्या रानातून पळतो आणि वाटेतले नाले उड्या मारून ओलांडतो. "मॅडम, संगीत तुम्हीच करा," ती म्हणाली.

आधी मी चार मात्रांची चाल बांधली. ससा कवायतीला निघाल्यासारखा वाटायला लागला. मग सात मात्रा धरल्या: दोन, दोन आणि तीन. शेवटच्या तीनला चाल जरा लांबते, ते मला फार आवडलं. रविवारी जेवताना नवऱ्याला ऐकवलं.

"मिसिंग मारून राह्यलं," तो म्हणाला.

"काय?"

"इंजिन. एक ठोका खाऊन राह्यलं."

"खात नाई. सातच हायेत, मोज."

तो बोटांवर मोजायचा आणि दरवेळी आठवर जाऊन थांबायचा. शेवटी त्याच्या ताटाकडे पाहून मी म्हटलं, "म्हण, पोळी, पोळी, भाकरी." त्याने म्हटलं. चौथ्या वेळी त्याची मान आपोआप डोलायला लागली.

कॉर्डचं शिक्षण माझं मलाच करावं लागलं. शाळेच्या पेटीवर मी एकेक सूर वाजवणारी. एकाच वेळी चार-पाच सूर दाबायचं व्हिडिओ पाहून शिकले. सा-ग-प वर नी ठेवला, त्यावर रे. खोलीत एकदम गारवा आल्यासारखं झालं. नवरा दारातून म्हणाला, "हे संपलं नाई वाटत."

"संपवाचंच नाई. ससा अजून रानात हाये."

"मंग बरं हाये," म्हणून तो आंघोळीला गेला.

चाचणीचा गेम आला तो त्याच्याच फोनवर टाकला. दुपारच्या डब्यानंतर तो खेळायचा. एवढ्यात पुण्याहून फोन आला. विद्यार्थिनी अवघडून बोलत होती. बाकी दोघींना सात मात्रा गोंधळाच्या वाटत होत्या, चारच्या करता येतील का? मला वाईट वाटलं, पण करून पाठवल्या. नवा गेम फोनवर आला. संध्याकाळी नवरा चिडून घरी आला.

"काय करून ठेवलं तू? ससा तीनदा नाल्यात पडला."

"मात्रा बदलल्या. त्याइले सात नको."

"काहून नको? मी भाकरीवर उडी मारतो ना."

लांब ठोक्यावर उडी मारायची, हे मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. मला स्वतःलाही ते सुचलं नव्हतं. त्याने मला पुण्याला विद्यार्थिनीला फोन लावायला लावला आणि माझ्या हातातून तो घेतला. "बाई, मी गाण्यातला माणूस नाई," त्याने सुरुवात केली, आणि दहा मिनिटं तिला नाले कसे ओलांडायचे ते समजावत बसला. पलीकडून हसण्याचा आवाज येत होता.

तिने मैत्रिणींना काही न सांगता दोन्ही गेम खेळायला दिले. आठवड्याने उत्तर आलं: सुरुवातीच्या पडद्यावर चार मात्रा, रानात सात. मी एवढ्यावर खूश होते.

गेम आला, पण माझा अंगठा मंद. दुसऱ्या टप्प्यापुढे मी कधीच गेले नाही, आणि माझे सगळ्यात जीव लावून केलेले कॉर्ड तर शेवटच्या टप्प्यात आहेत. परवा मधल्या सुट्टीत शाळेत नवऱ्याचा फोन आला.

"हॅलो, काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"बोलू नको, आयक. शेवटच्या टप्प्यात पोचलो मी."

त्याने दुसऱ्या कुणाचा तरी फोन घेऊन आपल्या फोनजवळ धरला होता. मागे गॅरेजमध्ये हातोडा चालू होता, कुणीतरी पाना मागत होतं. मी घंटा होईपर्यंत ऐकत उभी राहिले.