साहेबांचं दूध

रंगाच्या दुकानात काम करणाऱ्या या गृहस्थांना सगळे ‘शेडवाले’ म्हणत. भिंतीचा टवका, जुन्या पडद्याची चिंधी, कुणाच्या सदऱ्याचं बटण, काहीही आणून समोर ठेवा. शेडवाले ते दारातल्या उजेडात धरून पाहायचे, मग पांढऱ्या रंगाच्या डब्यात एकेक थेंब टाकत, ढवळत, हुबेहूब तोच रंग उतरवून द्यायचे. त्यांची आणखी एक खुबी मालक कौतुकाने सांगत. एखादं गिऱ्हाईक भडक रंगावर अडून बसलं, की शेडवाले हुज्जत घालत नसत. नमुना दाखवायचा, मग त्याच्यासमोरच बोलता बोलता त्यात थोडा पांढरा सोडायचा, आणखी थोडा सोडायचा. शेवटी गिऱ्हाईक फिकट रंग घेऊन जायचं आणि आपल्याच आवडीवर खूश असायचं.

घरी मात्र त्यांचं काही चालत नसे. घरी ‘साहेब’ होते. साहेब म्हणजे त्यांची पंधरा वर्षांची मुलगी. ती स्वमग्न होती. मोजकं बोलायची, पण प्रत्येक वस्तू तपासल्याशिवाय जवळ करायची नाही, म्हणून हे नाव पडलं. खाणंही ठरलेलं. दूध, पाव, भात, उकडलेला बटाटा आणि केळं. केळ्यावर काळा ठिपका दिसला की नापास. त्यातही दूध सगळ्यांत महत्त्वाचं. तीन वेळा, निळ्या मगात, थंड.

एवढ्यावर घर बरं चाललं होतं. पण गेल्या वर्षभरात साहेबांची झोप उडाली. अंथरुणावर पडल्या की उठायच्या, खिडकीपाशी जायच्या, दिव्याचं बटण चालू-बंद करत बसायच्या. आईबाप आळीपाळीने जागत. दुकानात शेडवाल्यांच्या डोळ्यांची आग व्हायची. एकदा त्यांनी दवाखान्याच्या भिंतीसाठी मागितलेल्या हिरव्यात चुकून पिवळा जास्त सोडला, तेव्हा मालक एवढंच म्हणाले, “शेडवाले, जरा झोपत जा हो.” ते साधं वाक्य त्यांच्या डोक्यातून जाईना. नोकरी गेली तर?

अशात त्यांची थोरली बहीण भेटायला आली. येतानाच मोबाइलवर काहीबाही पाहून आली होती.

“दूध आणि गहू बंद कर पोरीचे,” तिने हुकूम सोडला. “सगळं मूळ तिथंच आहे. कितीतरी मुलं अशी शांत झोपायला लागली म्हणे.”

“ताई, आधी डॉक्टरांना विचारू,” शेडवाल्यांची बायको म्हणाली.

“विचार बाई. तुझं सगळंच विचारून. तोवर माझा भाऊ उभ्या उभ्या झोपायला लागेल.”

रात्री बायको नवऱ्याला म्हणाली, “अहो, डॉक्टरांची वेळ मी घेते. तोवर काही करू नका. तिचं खाणं आधीच चिमूटभर.”

“छे, मी कशाला काय करतोय,” शेडवाले म्हणाले.

आणि त्यांनी केलं. दूध एकदम बंद केलं तर साहेब घर डोक्यावर घेतील, हे त्यांना कळत होतं. पण एकदम कशाला? सकाळी बायको अंघोळीला गेली की ते दुधाच्या पातेल्यात सोयाबीनचं दूध घालू लागले. आधी चमचाभर. मग जरा जास्त. रंगात फरक नाही, हे ते उजेडात धरून पाहायचे. मुलगी मग रिकामा करायची आणि त्यांना दुकानात दिवसभर हुशारी वाटायची. महिन्याभरात सगळं दूध बदललेलं असेल, झोप लागायला लागेल, मग सांगू बायकोला. अशी सगळी आखणी त्यांनी मनात करून ठेवली होती.

एका संध्याकाळी साहेबांनी मग तोंडाला लावला आणि थांबल्या. दूध हुंगलं. मग बाजूला ठेवला आणि बोटाने टेबलाच्या अगदी कडेपर्यंत सरकवला.

“नाही.”

“दूध आहे गं, तुझंच,” आई म्हणाली.

“नाही. नाही. नाही.”

दुसऱ्या दिवशी आईने नवी पिशवी आणली. तीही नाही. मग पाव नाही, कारण पाव दुधाशेजारच्या फडताळात असायचा. मग बटाटा नाही. भाताची ताटली नाकाशी धरून ती पुन्हा ओट्यावर नेऊन ठेवू लागली. केळं मात्र ती स्वतः सोलून दोन घास खायची, तेही सालीला कुठे चीर नाही हे पाहून. झोप तर पार गेली. आधी निदान पहाटेकडे डोळा लागायचा. आता ती पोट धरून खोलीभर फिरायची आणि मधूनच भिंतीला पाठ लावून उभी राहायची. गालफडं बसली.

“त्या दूधवाल्याने काहीतरी भेसळ केली असणार,” बायको म्हणाली आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन चारचौघांत त्याला वाट्टेल ते बोलून आली. शेडवाले मूग गिळून बसले. सोयाबीनचं दूध त्यांनी कधीच बंद केलं होतं, मग आता सांगून काय होणार, अशी ते स्वतःची समजूत घालत. पण खाली मान घालून रंग ढवळताना त्यांना डब्यात सारखा तो टेबलाच्या कडेपर्यंत सरकवलेला मग दिसायचा.

डॉक्टरबाईंनी मुलीला वजनकाट्यावर उभं केलं, जीभ पाहिली, हाताची कातडी चिमटीत धरून पाहिली. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“घरात काही बदललंय? नवीन भांडी, नवीन औषध, पाहुणे?”

“काही नाही हो,” बायको म्हणाली. “दूधसुद्धा तेच. मी तर दुकानदाराशी भांडून आले.”

शेडवाले खुर्चीच्या कडेवर सरकले.

“दूध तेच नव्हतं,” ते म्हणाले. “मी मिसळत होतो. सोयाबीनचं. थोडं थोडं.”

बायकोने वळून त्यांच्याकडे पाहिलं. साहेब तेवढ्या खिडकीच्या जाळीची भोकं बोटाने चाचपत होत्या.

“हेतू चांगला होता तुमचा,” डॉक्टरबाई शेवटी म्हणाल्या. “पण दूध-गहू सोडल्याने झोप येते असं सरसकट नाही सांगता येत. करायचंच असेल तर तपासून, आमच्या नजरेखाली. अशा मुलांना चवीतला बारीकसा फरकही कळतो. आणि आता प्रश्न दुधाचा राहिलाच नाही. तिचा घरातल्या अन्नावरचा विश्वास उडालाय. उपाशी पोटी कुणाला झोप लागेल? सोमवारी परत आणा. वजन आणखी उतरलं, तर भरती करून नाकातून नळी घालावी लागेल.”

नळी. जिला केस विंचरलेले सहन होत नाहीत, तिच्या नाकात नळी. शेडवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

“मग काय करू?”

“तिला सांगा, काय केलंत ते. आणि यापुढे सगळं तिच्या डोळ्यांदेखत.”

घराच्या दाराशी किल्ली फिरवता फिरवता बायको म्हणाली, “त्या दूधवाल्याची माफी तुम्ही मागायची. चारचौघांत.”

“मागतो.”

“आणि तुमच्या ताईंचा फोन आला तर तोही तुम्हीच घ्यायचा. मी घेतला तर काय बोलेन, माझाच मला भरवसा नाही.”

रविवारी सकाळी शेडवाल्यांनी टेबलावर दुधाच्या बंद पिशव्या मांडल्या, शेजारी सोयाबीनच्या दुधाचं रिकामं खोकं ठेवलं. मुलीला समोर बसवलं. तिने पाहिलं छताकडे, पण बसली.

“हे,” त्यांनी खोक्यावर हात ठेवला, “मी तुझ्या दुधात घातलं. तुला न सांगता. आता घालणार नाही.”

त्यांना वाटलं होतं, ती ओरडेल. ती उठली, खणातली कात्री घेतली, एका पिशवीचा कोपरा कापला आणि सगळं दूध मोरीत ओतलं. मग दुसरी पिशवी. शेडवाल्यांचा हात पुढे झाला.

“ओतू दे,” बायको कुजबुजली. “सगळं ओतू दे.”

तिसरी पिशवी मुलीने कापली, हुंगली आणि धरून ठेवली. फडताळातून काचेचा पेला काढला. निळ्या मगाकडे तिने पाहिलंही नाही. दूध पेल्यात येताना धार टेबलावर सांडली. शेडवाले फडकं घेऊन चटकन पुढे झाले. तशी तिने पेला छातीशी ओढला, दुसऱ्या हाताने बापाचं मनगट धरलं, त्यांना ओढत स्वयंपाकघराबाहेर नेलं आणि दार लावून घेतलं.

ते दाराबाहेर उभे राहिले. आत कुठे काही वाजत नव्हतं. नळही नाही, म्हणजे मोरीत ओतलं नसावं. की नळ न सोडताच ओतलं? त्यांनी कान दाराला लावला, मग लाज वाटून काढला, मग पुन्हा लावला. उद्याचा दिवस, ती नळी, पलंगाच्या कठड्याला धरून ठेवलेले तिचे हात, सगळं डोळ्यांपुढून जात होतं. गुडघे दुखायला लागले तरी बसायचं सुचलं नाही.

बऱ्याच वेळाने बायको बाहेर आली. डोळे पुसत होती.

“अर्धा पेला प्यायली. वर केळं खाल्लं. आता ओट्याला टेकून पेंगतेय.”

दुपारी साहेब स्वयंपाकघरातच जमिनीवर गाढ झोपल्या. आईने उशी सरकवली, तीही कळली नाही.

सोमवारी काटा होता तिथेच होता. “उतरलं नाही, हे पुष्कळ झालं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “भरती नको. झोपेचं नंतर बघू, आधी पोट. आठवड्याने या. धोका टळला असं समजू नका मात्र.”

दूधवाल्याची माफी त्याच दिवशी मागून झाली. तो हसला आणि म्हणाला, “वहिनींनी माझ्या बापजाद्यांनाही सोडलं नव्हतं हो.”

आता पिशवी कापायची मुलीने, भात उकळताना पाहायचा मुलीने. भाताचे चार घास सुरू झाले आहेत, पाव अजून नाही. एक रात्र झोपेची, तर दोन जागरणाच्या. आणि तिचं खाणं चालू असताना बापाने स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही. पाऊल पडलं तर पेला खाली ठेवला जातो.

म्हणून शेडवाले सकाळचा चहा उंबऱ्याबाहेर उभ्याने घेतात. आतून पेल्याच्या काचेवर दात लागल्याचा बारीक आवाज येतो, मग घोट गिळल्याचा. तो ऐकू आला की ते चहाचा घोट घेतात. आवाज यायला वेळ लागला, की चहा हातातच निवतो.