दोन आणि चार नंबरच्या तारा

केंद्रावर सगळे त्यांना 'कानवाले' म्हणायचे. गंमत अशी, की ज्या आवाजावर त्यांचं पोट चालायचं तो माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. जळत येणारी उल्का हवेला दणका देते आणि त्याची संथ, जड लाट कोसच्या कोस पसरत जाते. माळावर चार दिशांना चार खड्डे, त्यांत चार यंत्रं. लाट आधी कुठल्या खड्ड्यात पोचली त्यावरून ती कुठून आली ते कळायचं. एकोणीस वर्षं झाली, पडद्यावर आपलं वारा, विमानं, नाहीतर पश्चिमेच्या खाणीतले सुरुंग. उल्का एक नाही. मेहुणा तर तोंडावर विचारायचा, "दाजी, पगार नक्की कशाचा घेता?"

आणि सोमवारी दुपारी पाऊण वाजता लाट आली. पूर्वेकडून! तिकडे तर नुसतं जंगल. मुख्य कार्यालयातल्या मॅडमचा स्वतःहून फोन आला. "ही उल्का तुमची. शनिवारी अहवाल पाठवतेय, तुमच्या नावासकट."

शुक्रवारी खाणीत सुरुंग उडाला. धुरळा डोळ्यांदेखत पश्चिमेला, आणि पडद्यावर दिशा पूर्व! कानवाले धावत जाऊन बघतात तर पूर्वेच्या दोन आणि पश्चिमेच्या चार नंबरच्या तारांची अदलाबदल झालेली. सोमवारी साफ करून त्यांनीच जोडल्या होत्या. पण लाटेच्या आधी की नंतर? वहीत नुसतं 'तारा साफ केल्या', वेळेचा पत्ता नाही. खाणवाले म्हणाले, "सोमवारी? उडवला असेल, नसेल." डोकं पार भंजाळलं. घटकेत वाटे, सकाळी आल्या आल्या केलं. घटकेत वाटे, छे, लाट येऊन गेल्यावर, दुपारच्या फेरीत. ती फेरी म्हणजे डबा बरोबर न्यायचा आणि चार नंबरपाशी बसून खायचा, हा त्यांचा नेम.

घरी येऊन त्यांनी बायकोलाच विचारलं, "अगं, सोमवारी मी दुपारी फेरी मारली म्हणालो होतो का गं?"

"सोमवार कसा विसरेन मी?" ती हसली. "डबा जसाच्या तसा परत आणलात. म्हणालात, उल्का सापडली, मग खुर्चीतून उठवतंय कुणाला! इतकं खुशीत मी तुम्हाला कधी बघितलं नव्हतं."

खुर्चीतून उठलेच नव्हते. म्हणजे तारा सकाळीच जोडलेल्या, आणि ती लाट पश्चिमेची, खाणीतली.

त्यांनी खिशातून मोबाइल बाहेर काढला.

"अहो, काय झालं? चुकीचं बोलले का काही?"

"नाही गं," ते म्हणाले, आणि मॅडमना फोन लावला.