कर्नेलला दिलेला पत्ता

नव्वदीच्या सुरुवातीला मी भिलाईतल्या एका खाजगी कारखान्यात संगणक विभागात होते. विभाग म्हणजे एक एसीची खोली, एक यंत्र, आमचे साहेब आणि मी. बाई आहे तर टायपिंग करेल, असा साहेबांचा होरा. मी इंजिनियर होते. टायपिंग दोन बोटांनी करायचे आणि त्यात सुधारणा करायची नाही, हे मुद्दाम ठरवलं होतं.

त्या वर्षी गेटवरच्या वजनकाट्यांचं टर्मिनल आमच्या यंत्राला जोडायचं ठरलं. त्यासाठी नवं कार्ड आलं. कार्ड विकणाऱ्या कंपनीचा माणूस नागपूरहून आला, त्याने ते यंत्राच्या पोटातल्या रिकाम्या स्लॉटमध्ये खोचलं आणि गेला. पुढचं काम माझं. आजच्या यंत्रात काहीही खोचा, ते आपलं आपण ओळखतं. तेव्हा सिस्टिमच्या गाभ्याला, ज्याला आम्ही कर्नेल म्हणायचो, सगळं लिहून द्यावं लागे. अमुक जातीचं कार्ड आहे, अमुक पत्त्यावर आहे. मग कर्नेल नव्याने बांधायचा आणि यंत्र पुन्हा चालू करायचं. कार्डाचा पत्ता ठरायचा त्याच्यावरच्या तांदळाएवढ्या बटणांनी, कुठलं वर, कुठलं खाली. टाउनशिपमध्ये सेक्टर, स्ट्रीट, क्वार्टर यातला एक आकडा चुकला की पोस्टमन भलत्याच घराची कडी वाजवतो, तसाच प्रकार. कार्ड आत जाण्याआधी बटणं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, त्याप्रमाणे फाईलमध्ये पत्ता लिहिला आणि कर्नेल बांधला. चालू करून बघायचं तेवढं राहिलं, कारण तोवर सुटायची वेळ झाली आणि दुसऱ्या दिवशी विश्वकर्मा पूजा होती. त्या दिवशी आमच्या कारखान्यात लेथपासून पंख्यापर्यंत सगळं बंद ठेवून पुसत आणि पुजत.

त्या वर्षी आमच्याकडच्या महालक्ष्म्या, म्हणजे ज्येष्ठा गौरी, त्याही नेमक्या तेव्हाच आल्या. वैशाली नगरातल्या घरी जेवणावळ, म्हणून मी रजा घेतली. साहेबांनी नाक मुरडलं.

परत आले, यंत्र चालू केलं. पडद्यावर ओळ आली, कार्ड सापडलं नाही.

"बाई, तुमचं लिहिणं चुकलं," साहेब म्हणाले. "फाईल दुरुस्त करा."

"फाईल बरोबर आहे सर. झाकण उघडून पाहू द्या."

"उघडायचं नाही! ते कंपनीचा माणूसच उघडेल. सोमवारपर्यंत चालू नाही झालं तर त्यालेच बोलावतो. अन् तुम्ही ड्रॉइंगच्या रेकॉर्ड रूममध्ये बसा. तिथं तुमच्याजोगं काम आहे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. रेकॉर्ड रूममध्ये गेलेल्या माणसाला परत यंत्राजवळ कोणी बोलावत नसे. आणि मला त्या खोलीतून हलायचं नव्हतं. त्या यंत्रावर माझा जीव होता, हे सांगायला मला आजही संकोच वाटत नाही.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते मोठ्या स्टील प्लांटात क्लार्क, साहेब या जातीशी जन्मभर जमवून घेतलेले.

"साहेबाशी कावून भांडून राहिली तू? चुकलं म्हण, मोकळी हो. आमाले तं असंच करा लागलं."

"चुकलंच नाही तं चुकलं कावून म्हणू, बाबा? मी बरोबर आहो."

बाबा उठून बाहेर गेले. मग स्कूटरच्या डिक्कीतून स्क्रू काढायचा पेचकस काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवला. "घेऊन जा. तिथं तुले कोणी देणार नाही."

सोमवारी साहेबांच्या देखत मी यंत्र बंद केलं आणि पहिला स्क्रू फिरवला.

"बाई, हे काय करून राहिल्या?"

"उघडते आहे, सर."

झाकण निघालं. आत कार्डावर, नेमकं त्या बटणांच्या रांगेवर, कुंकवाचं ठसठशीत बोट उमटलं होतं. शेजारी दोन-चार अक्षता. बोटाच्या दाबाने एक बटण खाली गेलं होतं. विभागाची पूजा साहेबांची, तो मान दुसऱ्या कोणाला नव्हताच. ज्या झाकणाला मी हात लावायचा नव्हता, ते त्यांनी स्वतः काढलं होतं, देवाला आतपर्यंत पोचवायला.

साहेब त्या कुंकवाकडे बघत राहिले. मग घसा खाकरून म्हणाले, "असू द्या. बटण कुठं आहे ते आता दिसलं ना? मग फाईलमध्येच पत्ता बदलून टाका. पूजेचं कुंकू आहे, त्याले कशाला हात लावता?"

तसं केलं असतं तरी कार्ड चाललं असतं. फक्त फाईल दुरुस्त झाली असती, म्हणजे आधी ती चुकली होती असं सगळ्या कारखान्यात झालं असतं. एवढा हिशेब मलाही येत होता.

"नाही सर," मी म्हणाले. "मी लिहिलंय ते बरोबर आहे. ते तसंच राहील."

पेन्सिलीच्या टोकाने मी बटण वर केलं. कुंकू पुसलं नाही, मला देवाशी भांडायचं नव्हतं. यंत्र चालू केलं आणि हात बांधून उभी राहिले. कार्ड सापडलं. साहेबांनी चष्मा पुसला आणि चहा मागवला, माझ्यासाठीही. रेकॉर्ड रूमचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पुढच्या विश्वकर्मा पूजेला मी रजेवर नव्हते. साहेब पूजेच्या ताटाकडे वळायच्या आत ते मी उचललं, आणि कुंकू बाहेरून लावलं, झाकणाला.